सत्तेचाळीस मिलिमीटर

टीव्हीखालच्या खणात मावेल एवढीच पेटी.
प्रोसेसरपासून झाकणापर्यंत पंचावन्न मिलिमीटर,
अप्पांच्या व्हर्नियरने दोनदा मोजले.

एम. जी. रोडवर गायधनी म्हणाला,
"टॉवर घ्या. गार राहील."
गार राहील, पण झाकण लागणार नाही,
आणि आईला उघडं काही चालत नाही,
ना दुधाचं पातेलं, ना हे.

सदतीसचा एक होता, बुटका, स्वस्त.
दुकानातच लावून बघितला:
सिनेमात कुणी गप्प झालं की
हा बोलायला लागणार.

शेवटी सत्तेचाळीसचा.
तांब्याच्या चार नळ्या, आडवा पंखा,
रॅमपासून नखभर दूर.
मे महिना, सिडको, गच्चीखालची खोली,
आकडा एकसष्टवर चढला
आणि तिथेच बसून राहिला.

नोटप्रेसमध्ये चौतीस वर्षं
यंत्राशेजारी उभे राहून
अप्पा डावा कान तिथेच ठेवून आले.
उजवा अर्धा.
"चालू आहे का रे?"
आई म्हणाली, "मलासुद्धा नाही ऐकू येत."

मग ते वाकले.
जाळीवर तळहात धरला,
शिफ्टच्या सुरुवातीला धरायचे तसा,
आणि म्हणाले, लाव.