सात किलो

रात्री साडेअकराला शेवटचा माग थांबला
आणि घर एवढं गप्प झालं
की मोबाईलमधला भाव बदलला तोही
ऐकू आल्यासारखं वाटलं.
दोन हजार नऊशेचं तिकीट
तीन हजार एकशेचाळीस.
पद्मजा म्हणाली, बघत बसा अजून.

सहा माणसं. हैदराबाद ते विशाखापट्टणम.
सोलापुरातून रात्रीची बस, ती ठरलेलीच.
एक कंपनी पहाटे पाच-चाळीसला नेते, स्वस्तात.
दुसरी दुपारी, माणसांत असल्यासारखी,
पण डोक्यामागं अकराशे जास्त.
तिसरीबद्दल मेहुणा म्हणाला,
ती उडतच नाही, आणि पैसे परत मागितले
की दिवाळी दाखवते.
पहाटेची धरली.
आमच्या घरात झोप
कायमच सगळ्यात स्वस्त.

मग सीट.
फुकट पाहिजे तर यंत्र देईल ती.
चार सी, अकरा बी, एकोणीस ई,
ताणा तुटून सहा धागे सहा दिशांना.
शेजारी बसायचं तर तीनशे, खिडकी चारशे,
पाय लांब करायचे तर सातशे,
पण त्या रांगेत म्हातारी माणसं चालत नाहीत,
संकटात दार उघडायला लागतं म्हणे.
आप्पा म्हणाले, ‘मग एवढी वर्षं
शटर कोण उघडतंय?’

खाली बारीक अक्षरात सोय शुल्क.
सोय कुणाची, ते लिहिलं नव्हतं.

आणि आधी चढायचं का?
माणशी दोनशे साठ.
आप्पांनी चष्मा कपाळावर नेला.
‘आधी चढला की आधी पोचतो?’
‘नाही.’
‘मागून चढला तर उभा राहतो?’
‘नाही आप्पा, नंबर ठरलेला असतो.’
‘मग पैसे कशाचे?’
‘वरच्या कप्प्यात बॅगेला जागा मिळते.’
ते उठले, आतून एक टर्किश टॉवेल घेऊन आले,
सेकंडचा माल, एका काठाची वीण गेलेला.
‘हा टाक खिडकीतून.
अक्कलकोटच्या गाडीत ह्यानं
अख्खा बाक अडवलाय मी.’
चैतन्य एवढा हसला
की झोपलेली श्रीनिधी उठून बसली.

बॅग सुताच्या काट्यावर ठेवली.
हातातली सात किलो, वर एक छटाकही नाही.
सात किलो सहाशे.
शेंगाचटणीचा डबा काढला. अम्मानं परत आत ठेवला,
स्वतःची दुसरी साडी काढली.
‘तिथं कोण बघतंय मला.’

श्रीनिधी डोळे चोळत म्हणाली, आता आजीला तोला.
अम्मा नको नको म्हणत चढली,
चप्पल काढून, देवळात चढावं तशी.
एकेचाळीस.
मी वाकून परत बघितलं.
काटा बरोबर होता,
दुपारी ह्याच्यावरच सूत मोजून घेतलं होतं.
कुणी काही बोललं नाही.
अम्माच म्हणाली,
‘मला कप्प्यात घाला, एक तिकीट वाचेल.’
ह्या वेळी चैतन्य हसला नाही.

मी मोबाईल उचलला.
आठ एफ, खिडकी, चारशे.
तिच्या शेजारी श्रीनिधी, पलीकडे आप्पा.
आम्ही तिघं यंत्र टाकेल तिथं.
पद्मजानं हिशोबाच्या वहीत ‘खिडकी’ लिहिलं,
समोर आकडा मांडला नाही.

आधी चढायचं मात्र घेतलं नाही.
रांग संपू दे.
आख्खा जन्म कांड्या भरताना
हिला कुणी सावकाश म्हटलेलं
मला आठवत नाही.
शेवटी चढू, एकेक पायरी,
विमान काय सोडून जात नाही.

तेवढ्यात आप्पांनी टॉवेल घडी करून
बॅगेत कोंबला.
सात किलो दीडशे.
‘दीडशे ग्रॅमला कोण विचारतंय,’
म्हणत त्यांनी दिवा घालवला.
काट्याची सुई
अंधारात थोडा वेळ हलत असणार.