तिसरी फळी

पुंता अरेनासमध्ये वारा दार ठोठावत नाही.
भाडं न भरणारा भाडेकरू तो, घरातच असतो.
मी खिडकीच्या फटीत चिंध्या कोंबून बसते
आणि प्लास्टिकचं लाकूड करते.

हाच माझा धंदा.
लोक हौसेनं जहाजं जोडतात, डोलकाठ्या उभारतात, दोर ओवतात,
डेकपाशी आले की त्यांचे हात गळतात.
मग खोकं माझ्याकडे येतं, भुशात रुतवलेलं,
सोबत चिठ्ठी: नेलिदाबाई, खरं वाटू द्या.

खरं कसं वाटवायचं ते मला पाठ होतं.
खरी फळी पंधरा सेंटिमीटर, माझी एक मिलिमीटर.
आधी फिकट बदामी हात, सगळीकडे सारखा,
मग केसाएवढ्या ब्रशानं
एक फळी पिवळसर, एक राखी,
एक भाजलेल्या गव्हाच्या पिठाची.
शेजारीशेजारी एक रंग आला की डोळा पकडतो.
फटींत शिसपेन्सिलीची रेघ, ते डांबर.
वरून टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेला तपकिरी, लगेच पुसलेला,
आणि शेवटी चमक मारणारं वार्निश,
कारण डेक चकाकलं की जहाजाचं खेळणं होतं.

बाआमोंदे म्हातारा आला होता शेगडीचं धुराडं झाडायला.
कोपरापर्यंत काजळी.
टेबलावरचं जहाज बघून त्यानं टोपी काढली.
"सांता एदुविहेस," म्हणाला,
"चार वर्षं गुडघ्यांवर काढली हिच्यावर.
पहाटे वाळू, दगड, समुद्राचं पाणी.
हिचं तोंड मला फारसं आठवत नाही. पाठ ओळखतो."

मग बराच वेळ वाकून राहिला.
मला वाटलं, आता वाहवा येणार.
"सुरेख," तो म्हणाला. "कोणी राहत नाही वाटतं हिच्यावर?"

मी ब्रश पुन्हा भिजवला.

स्वयंपाकघराच्या दाराशी चरबी सांडते.
तिथं काळं कर, पण पुसलेलं काळं,
आम्ही पुसायचो.
चाकाशी दोन उथळ खड्डे, टाचांचे.
साखळीखाली गंज, तो कितीही घासला तरी जायचा नाही.
आणि ही उजवी बाजू अधिकाऱ्यांची,
इथं पाय कमी, म्हणून आम्हाला घासायला जास्त;
कर, हाडासारखी पांढरी कर.

तो जहाजाला हात लावत नव्हता,
करंगळीच्या नखानं हवेत दाखवायचा.
मागच्या डोलकाठीजवळ नख थांबलं.
"इथली तिसरी फळी नवी. दोन हात लांब. फिकी ठेव."
"का?"
"बदलली होती."
"केव्हा?"
त्यानं टोपी घातली,
धुराड्याचे पैसे सांगितले, नेहमीपेक्षा कमी,
आणि जिन्यावरून जाताना शिडी दोनदा भिंतीला आपटली.

दोन हात म्हणजे सहा मिलिमीटर.
पहिल्यांदा फारच पांढरी झाली, खोट्या दातासारखी.
दुसऱ्यांदा लोण्यासारखी.
तिसऱ्यांदा जमली: नवी,
पण काही वर्षं लोकांनी मुद्दाम वळसा घालून गेलेली.

रात्री, काम संपल्यावर, उगीच
मागच्या डोलकाठीच्या सर्वात वरच्या आडव्या वाशाला
मी एक दोरा बांधला, टोकाला शिशाचा मणी,
आणि हळूहळू सोडला.
मणी थोडा डुलला. मग स्थिर झाला.
फळीच्या बरोबर मधोमध.
दोरा कापला. मणी डबीत टाकला.

जहाज अंतोफागास्ताला गेलं, एका दंतवैद्याकडे.
महिन्याभरानं त्याचं पत्र आलं, फार सभ्य:
काम अप्रतिम, पाहुणे तासन्‌तास बघत राहतात,
फक्त मागच्या बाजूला एक फळी कोरी राहून गेलीय,
दुरुस्त करून द्याल का, टपालखर्च माझा.

वाऱ्यानं चिंधी बाहेर ढकलली होती, ती आत कोंबली.
मग एका ओळीचं उत्तर लिहिलं:
ती दुरुस्तच केलेली आहे.