रुंद पान

कृषी सेवा केंद्रातला हितेंद्र काउंटरवरूनच विचारतो,
"काका, पान रुंद की अरुंद?"
मी मूठ उघडतो:
घोळ, दुधाणी, आंबुशीचा एक धागा,
गाजरगवताचं कोवळं पोर.
"रुंद," म्हणत तो बाटली ठेवतो.
"गवताला धक्का लागणार नाही. फक्त वारा बघा.
शेजारी कपाशी आहे का?"

आहे.
चोपड्याच्या या नव्या प्लॉटांत
माझी तार संपते तिथे
सुपडू महाजनांची कपाशी सुरू होते,
पात्यावर आलेली,
पान न् पान पंजाएवढं.

औषधाला तण कळत नाही, पीक कळत नाही.
त्याला रुंदी कळते.

आणि माझं लॉन म्हणजे तरी काय,
पंधरा बाय वीस हरळी,
नर्सरीतून चौरस फुटाच्या भावानं आणलेली.
हे वडिलांना सांगायची माझी छाती झाली नसती.
बत्तीस उन्हाळे त्यांनी काळ्या रानातून
हिचीच मुळी उपसली,
टिकावानं, नांगरानं, शेवटी नखांनी.
बांधावर ढीग वाळत घालून म्हणायचे,
"हरयी मरस नही भाऊ, खननारा थकस."
मी तिला सकाळी पाणी देतो, पोटभर, दोन दिवसांआड.
तीन बोटांखाली कापत नाही,
उंच गवताच्या सावलीत
घोळीचं बी डोळा उघडत नाही म्हणून.
(घोय म्हणायचे ते.
कळण्याच्या भाकरीशी खायचे.)

बाटली चार दिवस जिन्याखाली.
वारा रोज तापीकडून यायचा
आणि कपाशीत शिरायचा.
दोरीवरचा टॉवेल मला हेच सांगायचा,
सकाळी, दुपारी,
चहाचा कप हातात असतानाही.

पाचव्या दिवशी भांडी आटोपून
रेशमाबाई पावरा लॉनवर उकिडवी बसली,
न विचारता सगळी घोळ खुडून
ओच्यात घातली.
"याले दवाई?"
एवढंच बोलली, आणि हसली नाही.

उरलं गाजरगवत.
ओल्या मातीतून ते मुळासकट आलं,
फुलायच्या आत, हातमोज्यांत.
उरली दुधाणी.
ती तुटते, पांढरा चीक देते, पुन्हा येते.
तिच्यासाठी नातीच्या रंगपेटीतला ब्रश मागून घेतला
(परत देणार नाही, नवा आणेन, हे कबूल करून),
झाकणात औषध,
आणि टॉवेल निपचित लोंबत असताना
गुडघ्यावर बसून एकेका पानाला लावत गेलो,
खरचटल्यावर आयोडीन लावतात तसं.
फरक इतकाच, की हे बरं व्हायला नव्हतं.

आठवड्यानं दुधाणीनं मान पिळली.
हरळी हिरवीगार.
मी तारेपाशी उभा राहून कपाशीचं पान न् पान बघत होतो,
कुठे वळलंय का, कुठे चिमटलंय का.
"काय हारपनं, मास्तर?" सुपडू महाजनांनी विचारलं.
काही नाही म्हणालो.

तेव्हाच दिसली ती:
तारेखालून पलीकडे गेलेली
माझ्या हरळीची एक मुळी,
वीतभर,
गाठीगाठीला पांढरं मूळ धरलेली,
कपाशीच्या पहिल्या ओळीकडे तोंड करून.

ते पाणी धरायला वळले.
खुरपं घरात होतं.
मी तारेखालून हात घातला.