मासा

औलूत जानेवारीतल्या दुपारी तीनलाच अंधार.
तौनो आणि इर्मेली टीव्ही बघायला आलेत.
दुकानातल्या पोराने दोघांना काळे चष्मे दिले.

पडद्यातून एक मासा बाहेर आला, म्हणे.
इर्मेलीने झटकन मान चुकवली, मग हसली,
मग हातमोजा काढून
हवेत काहीतरी कुरवाळू लागली.

तौनोचा डावा डोळा वखारीतल्या करवतीने नेला,
त्याला झाली एकतीस वर्षं.
त्याच्यापुढे मासा सपाट,
ताटात वाढल्यासारखा.
तो तिची बोटंच बघत राहिला,
कुठे थांबतात, कुठे वळतात,
आणि त्यावरून माशाची लांबी धरत गेला.

शेजारचा साधा टीव्ही तीनशे युरोंनी स्वस्त.
"तोही बराय की," ती म्हणाली,
त्याच्याकडे न बघता.
"हाच," तौनो म्हणाला. "चष्मे किती येतात?"

रात्री त्याने कॉफी ओतली,
किटलीची चोच कपाच्या काठाला टेकवून,
एकतीस वर्षं ओततो तशी.
खुर्चीत बसला. चष्मा लावला.
"आता कुठवर आलाय?"

"तुझ्या खांद्यापाशी," इर्मेली म्हणाली.
"हलू नकोस."