वेबिल, केरीचा किनारा

बत्तीस वर्षं पेडणे–म्हापसा.
अंधारात, गर्दीत, एका हाताने दांडा धरून
बोटांनीच ओळखायचो : हा आठाणा, हा रुपया,
हा कुणीतरी मुद्दाम खपवलेला वॉशर.

आता हातात हे यंत्र. उर्सूलाबायच्या खोलीतला रशियन
दोन महिन्यांच्या भाड्यापोटी ठेवून गेला.
लांब काठी, टोकाला ताटली,
पडद्यावर आकडा, कानात आवाज.
"यापेक्षा गॅसचा सिलिंडर ठेवला असता मेल्यानं,"
असं म्हणून तिनं ते मला स्वस्तात दिलं.

सुकांती, ये. कानाला लाव.
यंदा समुद्रानं किनारा खरवडून नेलाय,
सुरूंची मुळं उघडी पडलीत,
वर आलंय बरंच काही. बहुतेक कचराच.

हा खरखरणारा, तुटक : खिळा. होडीचा.
लांबीनं गेलीस तर दोनदा बोलतो,
आडवी गेलीस तर एकदा.
त्याला सोड.

बाटलीचं झाकण मात्र बिलंदर.
आकडा दाखवतं चांदीच्या शेजारचा,
आवाजही गोड.
पण ताटली हळूच मागे ओढ, अगदी काठापर्यंत.
ऐकलंस? शेवटी घसा बसला.
बिनतिकिटाचा माणूस असाच :
नजर भिडवतो, हसतो, "पास आहे" म्हणतो,
आणि मी पुढे सरकलो
की खिडकीबाहेरची शेतं मोजायला लागतो.

नाणं तसं नसतं.
सुरूंकडून जा, पाण्याकडून जा, उत्तर एकच,
मागच्या सीटवरच्या म्हातारीसारखं :
"केरी. एक. सांगितलं ना मघाशी?"

तसं एकदाच सापडलं.
पोर्तुगीजांच्या वेळचं, तांब्याचं, शेवाळी हिरवं,
मुकुटाचा नुसता उंचवटा राहिलेला.
त्यात काय मिळत असेल तेव्हा?
दोन विड्या? होडीतून पलीकडे तेरेखोल?
खिशात ठेवून घरी येईपर्यंत
मी ते चार वेळा चाचपलं.

आणि एक गंमत.
ज्या पोलादी रुपयांनी माझ्या खांद्याला घट्टा पाडला,
त्यांना हे यंत्र लोखंड म्हणतं,
सरळ खिळ्यांच्या रांगेत उभं करतं.
पहिल्या दिवशी असे किती रुपये
मी ऐटीत ओलांडून गेलो असेन.
शिवाय सोन्याची अंगठी
आणि बियरच्या डब्याची ओढपट्टी,
दोघींचा आकडा सारखा.
तिथे यंत्राला विचारून उपयोग नाही,
गुडघे टेकावे लागतात.

"मग सोडायचं कुठलं?" सुकांती विचारते.
मला सांगता येत नाही.
येत असतं तर मी चेकर झालो असतो.

मग तिलाच एक लागलं, ओल्या रेतीत.
एकीकडून बावन्न, दुसरीकडून एकोणसाठ,
पुन्हा बावन्न.
आवाज स्वच्छ, पण लांबून आल्यासारखा.
कोपरापर्यंत खणलं. खड्ड्यात पाणी आलं,
कडा ढासळल्या, पुन्हा खणलं.
फेरीबोटीचा भोंगा झाला,
भरती आमच्या चपला घेऊन निघाली,
तिच्या चपला वाचल्या, माझी एक गेली.

रात्री वहीत लिहिलं, जुन्या सवयीनं,
कार्बनही नसताना :

झाकणं, एकेचाळीस.
चांदीचा कागद, मूठभर.
जाळ्याची शिशं सहा, रापणवाल्या कायतानला परत.
पोलादी रुपये, तीन.
खिळे मोजले नाहीत.
एक प्रवासी, पाण्याच्या बाजूचा, खोल.
तिकीट दिलं नाही.
उतरताना पाहिला नाही.