घरटे, मायकल

जन्म-मृत्यू नोंदणी विभागात, खिडकी क्रमांक तीनला,
मी एकतीस वर्षं लोकांची नावं लिहिली.
निवृत्त झाले, तेव्हा स्वतःचं शोधायला निघाले.

आम्ही घरटे. चरईत सगळे समजायचे
मूळचे धुळ्याकडचे असणार, बाटलेले.
वडील म्हणायचे, असू दे,
पाखरांचं आडनाव आहे, वाईट काय त्यात.
फक्त त्यांच्या आत्याचे डोळे घारे होते
आणि उन्हात गेली की ती कोलंबीसारखी लाल व्हायची.
याला पुरावा म्हणत नाहीत.

तलावाकाठच्या चर्चमध्ये फादर इनास यांनी
कपाट उघडून दिलं आणि पंखा बंद केला.
पानं उडतात म्हणून नाही, तुटतात म्हणून.
अठराशे एकोणसाठ, फेब्रुवारी, लॅटिनमध्ये लग्न:
मायकल गेराटी, रुळांवरचा मुकादम, आयर्लंडचा;
मारिया, वय सोळा, बाप मिठागरावर.
मुलाच्या बाप्तिस्म्याला झाला गेरती.
नातवाच्या शाळेच्या दाखल्यावर कुण्या पंतोजींनी
बोरूने, सुबक वळणात, घरटे.
समुद्र ओलांडायला बोट लागली होती,
गावात शिरायला एक पंतोजी पुरले.

तिकडे पत्र टाकलं. काउंटी रॉसकॉमन.
उत्तर नूला नावाच्या बाईंचं, माझ्याच वयाच्या असाव्यात,
वाक्यं कार्यालयीन, शेवटी हवामान.
जुनी जनगणना मिळणार नाही,
एकोणीसशे बावीसला डब्लिनचा दप्तरखाना जळाला.
आमच्याकडे वाळवी, मी कळवलं. त्यांना बरं वाटलं असावं.
जमिनीची पाहणी मात्र आहे, अगदी आपला सातबारा:
भोगवटादार ब्रायन गेराटी, एक झोपडी, पाऊण एकर,
मालक कुणी लॉर्ड, राहणार लंडन.
पुढच्या दुरुस्तीत ब्रायनवर आडवी रेघ.
बटाटे कुजून दहा वर्षं झाली होती, बाई लिहितात,
तरी रेघा थांबल्या नव्हत्या.
आणि मायकल?
बाप्तिस्म्याच्या वहीत त्या सुमाराचे अकरा आहेत.
तुमचा कोणता?

मी काय सांगणार कोणता.
पुन्हा चर्चमध्ये गेले. नोंद पाहिली, या वेळी तळाशी,
जिथे खरं तर सवयीनेच आधी नजर जायला हवी होती:
नवरी, निशाणी. साक्षीदार, निशाणी.
नवरा, निशाणी. शाईची फुली, एक पाय लांब.
म्हणजे त्याला लिहिता येत नव्हतं.
म्हणजे बरोबर स्पेलिंग असं काही नव्हतंच कधी.
एका माणसानं टेबलापाशी उभं राहून नाव उच्चारलं
आणि पलीकडच्यानं, जेवायला उठायच्या घाईत,
ऐकलं तसं लिहिलं.

हे मला कुणी शिकवायला नको.

दोन नोव्हेंबरला दफनभूमीच्या फाटकाशी
अकरा मेणबत्त्या घेतल्या.
विकणारी मुलगी म्हणाली, आंटी, एवढी माणसं गेली?
एकच गं, म्हटलं. कोणतं ते ठरत नाही.

वारा होता, खाडीवरचा. चार लगेच विझल्या.
विझलेल्यांतच तो असणार, असं उगाच वाटत राहिलं.
आणि तिथे उभी असताना आठवला
कळव्याचा एक माणूस, त्र्याण्णव सालचा.
पोराच्या दाखल्यावर एक काना राहिला होता,
ताडगेचं तडगे. हात माझाच.
मी वर न बघता म्हटलं,
प्रतिज्ञापत्र आणा, दहा रुपयांच्या स्टॅम्पवर.
तो परत आला नाही.

पोरगा आता तिशीपुढचा असेल.
त्याची मुलंही तडगेच असतील,
हजेरीला ओ देत असतील.