परत करून बघा की

शहापुरात, कोरे गल्लीच्या तोंडाला
दुकान आहे आमचं, अडीच हात रुंद.
मेलेले फोन येतात इथं
डब्यातनं, रुमालातनं,
एकदा तर कुंद्याच्या खोक्यातनं.
काच धड असते, बॅटरी पण बरी असते,
कंपनीनं तेवढं सांगून टाकलेलं असतं :
ह्याला आता अपडेट नाही.

मी त्यांच्यावर उघडी सिस्टीम चढवतो.
उघडी म्हणजे कशी गे, म्हणून मष्णूमामा विचारला.
मी म्हटलो, हॉटेलवाला आमटीची रीत
भिंतीवर लिहून ठेवल्यासारखी.
कुणीही वाचा, घरी करा, तिखट वाढवा,
फक्त वाढवलेलं परत भिंतीवर लिहा.
"मग तो हॉटेलवाला खातो काय?"
ह्याचं उत्तर माझ्याकडं अजून नाही.

ह्या मॉडेलला पहिल्यांदा जगवला
तो कुणी 'घटप्रभा ४७' नावाचा.
मला वाटायचं जर्मनीत बसून लिहितोय.
तीन वर्षांनी कळलं,
गोकाकच्या बसस्टँडमागं त्याचं झेरॉक्सचं दुकान.
ईरण्णा.
रात्री दोननंतर लाईट जात नाही म्हणून
तेव्हा बिल्ड लावायचा.
पहाटे फाईल यायची, मी फोन धरून बसायचो.
लोगो फिरायचा, फिरायचा, काळा पडायचा.
मी लिहायचो : मेला.
तो लिहायचा : नाळे.
'उद्या' म्हणण्यापुरतं कन्नड
इथं सगळ्यांनाच येतं.

बाराव्या का तेराव्या पहाटे उठला की फोन!
कॅमेरा नाही, आवाज एकाच कानात,
पण उठला.
समोरचा दूधवाला विचारला, काय झालं?
काय सांगणार त्याला.

मग मराठी शब्द घालायचं काम माझ्याकडं आलं.
आठशे ओळी.
तिथं होतं : जोडणी खंडित झाली, कृपया पुनःप्रयत्न करा.
कोण बोलतं असं?
दाखला नाकारल्यासारखं वाटतं.
मी लिहिलो : तुटलं, परत करून बघा की.
पुण्याहून तपासणारा एकजण
'की'वर रेघ मारला.
सर, हे अव्यय अनावश्यक आहे.
मी परत घातलो. तो परत काढला.
सर, हे प्रमाण नाही.

सर तो मला म्हणायचा, कारण मी लिहायचो
मी केलो, मी बघितलो, मी पाठवलो.
आमच्यात बायका असंच बोलतात.
माझं नाव सुगंधा.
सांगितलो नाही त्याला.

भांडायचं कशाला?
उघडी सिस्टीम आहे,
फांदी काढायला कुणाची सही लागत नाही.
मी आमची फांदी काढलो.
ईरण्णा पण काढला,
त्याचं 'री' बेंगळूरवाले खोडलेले.
एकाच फाईलीत दोन्ही, त्याचं 'री' अन् माझं 'की',
यादीत क आधी, म नंतर,
बाराखडीच्या हिशोबानं.
त्या आठवड्यात बाहेर पाट्यांवर डांबर फासलेला,
दुकानं दुपारीच बंद,
मी अर्धं शटर ओढून
त्याचं स्पेलिंग तपासत होतो
आणि तो माझं ऱ्हस्व-दीर्घ.

पहिल्या महिन्यात डाऊनलोड अकरा.
त्यातले सात माझेच.
मग निपाणीच्या तंबाखू वखारीतनं नऊ,
खानापुरातनं चाळीस,
चिकोडीचा एक मास्तर शाळेचे सगळे टॅब
पोत्यात घालून बसनं आला.
पलीकडं चंदगडात किती झाले
मोजायचं सोडलो.
वर्षाची देणगी आली पाचशे रुपये,
कोण पाठवला माहीत नाही.
ईरण्णा त्यातले अडीचशे मला पाठवला
आणि खाली लिहिला : आमटी.

काल मष्णूमामाच्या फोनवर नवीन बिल्ड चढवत होतो.
चढायला वेळ लागतो.
काळ्या पडद्यावर माझीच ओळ आली :
थांबा की, होतंय.
मामा चष्मा वर करून वाचला,
मग माझ्याकडं न बघता
फोनलाच म्हटला,
थांबलोय की,
गडबड काय आहे.